‘गर्विष्ठ’ की ‘मानी’? : हेन्चर्डची शोकांतिका

थॉमस हार्डीची ‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’ ही कादंबरी १८८६ साली प्रसिद्ध झाली. गर्वामुळे झालेल्या अधःपाताची कथा, अशी तिची ओळख करून दिली जाते. परंतु नायक मायकेल हेन्चर्डला मराठीत कोणते विशेषण लावावे, हे ठरवू लागताच ही ओळख अपुरी वाटते. ‘गर्विष्ठ’ माणूस दुसऱ्याला कमी लेखतो. ‘मानी’ माणूस स्वतःलाही सवलत देत नाही. हेन्चर्ड दोन्ही आहे.

एकवीस वर्षांचा हा मजूर जत्रेत रम घातलेली गव्हाची खीर पिऊन बायको आणि मुलीला पाच गिनींना विकतो. शुद्धीवर आल्यावर तो चर्चमध्ये शपथ घेतो : जितके वय झाले, तितकी वर्षे दारूला शिवणार नाही. ती तो पुरती पाळतो आणि धान्याचा बडा व्यापारी, शहराचा मेयर होतो.

गर्व दिसतो तो फारफ्री या तरुण सहकाऱ्याशी वागताना. कामावर उशिरा येणाऱ्या व्हिटलला हेन्चर्ड अर्ध्या कपड्यांत कामावर धाडतो. फारफ्री तो हुकूम चारचौघांत फिरवतो. हा अपमान त्याला सोसत नाही. मैत्रीचे वैर होते, आणि चढाओढीत पावसाच्या भाकितावर केलेली धान्यखरेदी त्याला बुडवते.

पण मानही तितकाच खरा. न्यायासनावर बसलेला असताना खीरवाली म्हातारी जुने पाप उघड करते. नाकारणे सोपे होते. तो कबूल करतो. दिवाळे निघाल्यावर खिशातले सोन्याचे घड्याळही धनकोंपुढे ठेवतो. ते घेत नाहीत, तेव्हा ते विकून एका गरिबाचे देणे फेडतो.

त्याचे मृत्युपत्रही असेच वाचावे. आपल्यासाठी कोणी शोक करू नये, आपली आठवण ठेवू नये, असे त्यात आहे. वरवर ही नम्रता. पण भाषा आज्ञेची आहे. स्वतःला शिक्षा देण्याचा अधिकारही तो दुसऱ्याकडे सोपवत नाही. अखेरीस त्याच्याजवळ उरतो तो व्हिटलच. हेन्चर्डने आपल्या आईला केलेली मदत तो विसरलेला नाही.

केवळ गर्विष्ठाचे पतन ही बोधकथा ठरली असती. हेन्चर्ड मानीही आहे, म्हणून ती शोकांतिका होते.