वणव्याचा धूर आणि पेशींची साक्ष

पिंपळनेरच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या उतारांवर उन्हाळ्यात वाळलेले गवत आणि पाचोळा पेटला, की वणवा पसरतो. त्याच्या धुरातील २.५ मायक्रोमीटरहून लहान कण थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. (१ मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) तेथे ते पेशींचे काय करतात, हे कसे ओळखावे?

प्रयोगशाळेत धूर गाळणकागदातून ओढून कण गोळा करतात. ते द्रावणात मिसळून, बशीत ३७ अंश सेल्सिअसला वाढवलेल्या फुप्फुसाच्या मानवी पेशींवर घालतात. शेजारच्या बशीत तेच द्रावण असते, पण कणांविना. काही तासांनी दोन्हींत ‘एमटीटी’ हे पिवळे रंगद्रव्य टाकतात. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक बनवतात. मेलेल्या पेशींना ते जमत नाही. म्हणून धुराच्या बशीत जांभळा रंग जितका फिका, तितक्या कमी पेशी जगल्या. ही कसोटी १९८३ साली प्रसिद्ध झाली.

अर्थात बशी म्हणजे फुप्फुस नव्हे. तिच्यात रक्तप्रवाह नाही, श्वासनलिकेतील चिकट श्लेष्माही नाही. त्यामुळे ही कसोटी धोका दाखवते. किती धूर माणसाला घातक, हे ती एकटी ठरवू शकत नाही.

तुम्ही मात्र एवढे लक्षात ठेवा: रुमालाच्या विणीतून हे सूक्ष्म कण सहज पार होतात. डोंगर धुमसत असताना धुरापासून दूर राहणे, हाच खरा बचाव.