माडीवर बादली नेऊ नये

आमच्या जळगाव जामोदच्या घराच्या जुन्या खरेदीखतावर ‘जिल्हा अकोला’ असं लिहिलंय. जळगाव तालुका बुलढाणा जिल्ह्यात आला तो १९०५ साली. म्हणजे माडीवरच्या सागवानी फळ्यांनी शंभरी केव्हाच ओलांडली. सातपुडा गावाच्या उशाशी, त्यामुळे त्या काळी सागाला तोटा नव्हता. दीड इंच जाड, वीतभर रुंद अशा त्या फळ्या. बाकीच्या माडीवर माती टाकून ती शेणाने सारवत; बैठकीच्या खोलीत मात्र आजेसासऱ्यांनी माती पडू दिली नाही. ती एकच खोली उघड्या लाकडाची. एवढ्या वर्षांत तिचं काही बिघडलं नव्हतं. ते मी एका दुपारी बिघडवून दाखवलं.

शाळेतून निवृत्त झाल्यानंतरची पहिली दिवाळी होती. मुलगा-सून पुण्याहून येणार, म्हणून माडी लख्ख करायचं मनात घेतलं. फळ्यांवर धुळीचा आणि तेलकटपणाचा काळा थर बसला होता. बादलीभर गरम पाणी, त्यात धुण्याचा सोडा, हातात तारेची घासणी. खालची शहाबादी फरशी मी आयुष्यभर अशीच घासत आले होते, मग माडीने काय घोडं मारलं होतं? काळं पाणी निघत होतं तसा मला चेव चढत होता. चार बादल्या ओतल्या. खालच्या कोठीत तुरीच्या पोत्यांवर टपटप आवाज यायला लागला तेव्हा कुठे थांबले. मग दोन दिवस पंखा लावून ठेवला.

तिसऱ्या दिवशी अनवाणी वर गेले, तर पन्हळी पत्र्यावरून चालल्यासारखं पायाला लागलं. प्रत्येक फळीच्या दोन्ही कडा वर आल्या होत्या. खिळ्यांभोवती शाई सांडावी तशी काळी वर्तुळं उमटली होती, आणि घासणीचे तुकडे पडले तिथे काळे ठिपके.

मिस्त्रींना बोलावलं. त्यांच्या वडिलांनी आमच्या घराचे दरवाजे केले होते. उकिडवे बसून त्यांनी फळीवरून तळहात फिरवला. “बाई, हे लाकूड हाये का फरशी? काऊन पाजलं एवढं पानी त्याले?”

मी म्हटलं, “रंधा मारून सपाट करून द्या.”

“आता रंधा मारला तं कडा जाईन. मंग उन्हायात फयी वाळली का मधात फुगीर दिसन. पानी जाऊ द्या तिचं.”

ते म्हणाले ते अगदी खरं होतं. लाकूड कापलं, रंधलं, शंभर वर्षं वापरलं तरी हवेतली ओल घेतं आणि सोडतं. ओल घेतली की फळी लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढते. माझं पाणी सांध्यांतून खाली उतरलं. वरची बाजू पंख्याने वाळली, पण बंद कोठीच्या अंगाची खालची बाजू ओलीच राहिली. खालून फुगलेल्या फळीला शेजारीण सरकायला जागा देईना, म्हणून कडा वर उचलल्या. काळ्या वर्तुळांचं कारण वेगळं: सागात टॅनिन असतं, ते ओल्या लोखंडाला भेटलं की काळा रंग तयार होतो. जुनी शाई अशाच मिश्रणातून व्हायची. सोड्याने तर लाकूड आणखी काळवंडतं.

पंखा बंद करून कोठीची खिडकी उघडी ठेवली आणि थांबले. होळीपर्यंत बहुतेक फळ्या आपोआप खाली बसल्या. दोन मात्र आजही ताटासारख्या खोलगट आहेत.

एवढ्यावर शहाणी व्हायला हवं होतं. पण एप्रिलमध्ये, मिस्त्री लग्नाच्या कामात आहेत असं पाहून, मीच पॉलिश करायला बसले. हार्डवेअरच्या दुकानातून उकळलेलं अळशीचं तेल आणलं. अळशी म्हणजे आपलं जवसच. चटणीच्या जवसाची मला काय भीती? भरपूर तेल, भरपूर चमक, असा माझा हिशोब. तेल ओतलं, जुन्या लुगड्याच्या फडक्यांनी पसरवलं, आणि ती फडकी गोळा करून कोपऱ्यातल्या टोपलीत कोंबली. संध्याकाळी जिन्यात करपल्याचा वास आला. गॅसवर काही नव्हतं. टोपलीत हात घातला तर फडक्यांचा गोळा चटका बसेल इतका तापलेला, आणि उलगडला तर आतलं कापड तपकिरी होऊन धुमसत होतं. टोपली तशीच अंगणात फेकली आणि पाणी ओतलं. त्या दिवशी बादली कामाची ठरली, ती अंगणात.

काडी न लावता हे कसं झालं? जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि त्या क्रियेत उष्णता निघते. जमिनीवरच्या पातळ थरातली उष्णता हवेत निघून जाते. कोंबलेल्या फडक्यात ती अडकते, वाढत जाते आणि पेट घेऊ शकते. वरून आमच्याकडचा चव्वेचाळीस अंशांचा उन्हाळा. तेलाची फडकी बाहेर एकेक उलगडून, दगडावर किंवा तारेवर पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. या लेखातलं बाकी काही विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका.

जमिनीचं काय झालं? पंधरा दिवस पाय चिकटत राहिले, आणि उन्हाळ्यातल्या वावटळींनी आणलेली धूळ तिच्यावर कायमची बसली. शेवटी मिस्त्रींनी टर्पेंटाइनच्या फडक्याने ते चिकट तेल काढलं आणि काम पहिल्यापासून केलं. त्यांच्यामागे बसून शिकले ते असं.

रोजची सफाई कोरडीच. मऊ केरसुणी किंवा व्हॅक्यूम, कारण धुळीतले वाळूचे कण पायाखाली पॉलिश पेपरचंच काम करतात. डाग असेल तर फडकं इतकं पिळायचं की पुसल्यावर ओल मिनिटाभरात दिसेनाशी व्हावी, आणि मागोमाग कोरडं फडकं. सोडा, ॲसिड, तारेची घासणी, यातलं काहीच माडीवर नको.

पॉलिश हवंय का हे डोळ्यांनी ठरवू नका, पाण्याच्या एका थेंबाने ठरवा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर जुना थर शाबूत आहे, नुसतं पुसलं तरी पुरे. पाच मिनिटांत आत मुरून लाकूड गडद झालं तर नवा हात द्यायला हवा. आधीचं पॉलिश लाखेचं आहे का, हे कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा घासून कळतं: लाख असेल तर चिकट होते. लाखेवर पाणी साचलं की पांढरे डाग पडतात, म्हणून पायाखालच्या जमिनीला आमचे मिस्त्री तेलच देतात.

घासायचं ते हाताने, रेषांच्या दिशेने; आधी १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८०. आडवा हात मारला तर ओरखडे तेल लावल्यावरच दिसतात, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. पेपर मारण्याआधी खिळे ठोकून आत घ्या. तोंडाला फडकं बांधा, सागाची धूळ नाकाला झोंबते.

तेल फडक्याला लावून पातळ पसरायचं, वीस मिनिटं थांबायचं आणि उरलेलं सगळं पुसून काढायचं. पुसलंच नाही तर माझ्यासारखं होतं. दुसरा हात दुसऱ्या दिवशी, पहिला वाळल्याची खात्री करूनच. खिडक्या उघड्या, देवाचा दिवा आणि उदबत्ती त्या दिवशी खालीच. खाण्याचं घाण्याचं जवस तेलही चालतं, पण वाळायला कितीतरी दिवस घेतं. शेंगदाण्याचं तेल तर नीट वाळतच नाही, खवट होतं. उकळलेलं म्हणून विकतात त्यात लवकर वाळण्याची औषधं असतात, त्यामुळे ती बाटली स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. वरून मेण लावायचं असेल तर ते गरम पाण्याच्या भांड्यात वितळवा, गॅस बंद करा, आणि लांब नेऊन मगच टर्पेंटाइन मिसळा. जिन्याच्या पायऱ्यांना मेण लावूच नका. म्हाताऱ्या माणसांची हाडं त्याची किंमत मोजतात.

सुनेच्या पुण्याच्या फ्लॅटमध्येही लाकडी जमीन आहे, पण ती वेगळी. तिथे खऱ्या लाकडाचा थर जेमतेम काही मिलिमीटरचा आहे, दर दोन वर्षांनी घासला तर संपेल. लॅमिनेट असेल तर वर लाकूड नसतंच, छापलेला कागद असतो; त्याला पेपरही नको आणि तेलही नको. वाफेचा पोछा दोघांनाही वर्ज्य. आपल्या पायाखाली काय आहे ते आधी विचारून घ्या.

आणि वेळ. आमच्याकडे पॉलिशचा मुहूर्त दसऱ्यानंतरचा. पावसाळ्यात थर वाळत नाही, मे महिन्यात हात फिरेपर्यंत सुकतो. उन्हाळ्यात फळ्यांमधल्या फटी रुंदावतात, तेव्हा त्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायचा मोह मलाही झाला होता. मिस्त्रींनी हात धरला. “भेंडवयची घटमांडनी आयकाले सारं गाव जाते बाई, अन् घरातली फयी काय सांगते ते कोनी आयकत नाही.” त्यांनी खिशातलं एक नाणं फटीत उभं सरकवलं, ते सहज आत गेलं. भरलेली लांबी पावसाळ्यात फळ्या फुगल्या की चुरा होऊन बाहेर येते, किंवा फळीला पुन्हा वर उचलते.

आता दर अक्षय्य तृतीयेला, गाव भेंडवळच्या घटमांडणीतल्या पीकपाण्याच्या भाकिताची वाट बघत असतं तेव्हा, मी माडीवर जाऊन त्याच फटीत नाणं सरकवून बघते. पोळ्याला पुन्हा जाते. तेव्हा ते शिरत नाही.