गुलाबी पाणी, कोऱ्या प्लेटा

प्रश्न : ऐन उन्हाळ्यात आमच्याकडच्या मिठागरांच्या वाफ्यांतलं पाणी गुलाबी दिसतं. हा रंग सूक्ष्मजीवांचा, असं वाचलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते पाणी न्यूट्रिअंट अगारवर पसरलं, पण प्लेटा कोऱ्याच राहिल्या. त्यातले जीव मेलेले होते का?
— एक विद्यार्थिनी, वसई

उत्तर : जिवंत होते, तुमच्या प्लेटवर येऊन मेले! समुद्राच्या पाण्यात मीठ साधारण साडेतीन टक्के. वाफ्यात ते पंचवीस टक्क्यांच्या आसपास गेलं की खडे धरू लागतात, आणि गुलाबी रंगही तिथेच चढतो. तो बराचसा हॅलोआर्किआंचा (जिवाणूंहून वेगळ्या, मीठप्रेमी आर्किआ सूक्ष्मजीवांचा), थोडा ड्युनालिएला या शेवाळाचा. हॅलोआर्किआंच्या पेशीत पोटॅशियम क्लोराइड ठासून भरलेलं असतं. बाहेर मीठ कमी पडलं की पाणी आत घुसतं आणि बहुतेक पेशी फुटतात. न्यूट्रिअंट अगारमध्ये मीठ असतं जेमतेम अर्धा टक्का. त्याआधी नमुना डिस्टिल्ड वॉटरने पातळ केला असेल, तर निकाल तिथेच लागला. पातळ करायचा तोही खाऱ्या पाण्यानेच.

माध्यम असं करा : लिटरला २०० ते २५० ग्रॅम मीठ, २० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, २ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, ३ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि २० ग्रॅम अगार. अँपिसिलिन घातलंत तर मीठ सोसणारे साधे जिवाणू अडतील. आर्किआंना ते बाधत नाही, कारण ज्या भिंतीवर ते घाव घालतं ती त्यांच्याकडे नसतेच. प्लेटा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ३७ ते ४० अंशांवर दोन-तीन आठवडे ठेवा. पिशवी हवीच, नाहीतर अगार सुकून मिठाचे खडे उमटतात आणि त्यांनाच वसाहती समजून वहीत नोंदी होतात.

यीस्ट एक्स्ट्रॅक्ट किती, हा खरा वादाचा मुद्दा. नेहमीच्या कृतीत ते लिटरला १० ग्रॅमपर्यंत असतं. मला हे फार वाटतं. एवढ्या मेजवानीवर भराभर वाढणारेच पुढे येतात. वाफ्यात ज्यांची खरी गर्दी आहे ते मागे राहतात. १९८० मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वॉल्सबी यांनी सिनाईच्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या डबक्यात चक्क चौकोनी, कागदासारख्या पातळ पेशी पाहिल्या. जगभरच्या मिठागरांत त्या विपुल आहेत, तरी वेगळ्या काढून वाढवायला २००४ उजाडलं. ते जमलं नेदरलँड्स आणि ऑस्ट्रेलियातल्या दोन गटांना, अगदी तुटपुंजं अन्न देऊन आणि आठवडेच्या आठवडे थांबून. म्हणून निम्म्या प्लेटांत यीस्ट एक्स्ट्रॅक्ट दहा पटींनी कमी करा आणि त्या दोन महिने तरी टाकू नका.

मिठागरात पुन्हा जाणं जमत नसेल, तर न धुतलेलं जाडं मीठ निर्जंतुक खाऱ्या पाण्यात विरघळवून पाहा. खड्यांत अडकलेल्या पाण्याच्या थेंबांत हे जीव तग धरून असतात. खारवलेल्या मासळीवर लाल डाग पडतात, तेही पुष्कळदा असल्याच मिठातून आलेले.

लाल ठिपके उगवले की ग्रॅम स्टेनची घाई नको. स्लाइड साध्या पाण्याखाली धरलीत की पेशी पुन्हा फुटणार. आधी २ टक्के अॅसेटिक आम्लात ती पक्की करा, मगच रंग द्या.