काठ आणि पुळण

शास्त्रपाठ : प्रे. कृत्ये २७:२७–४४, २८:१, २, योहान २१:१–१४

नेपियर टाउनमध्ये राहून समुद्रकिनाऱ्याविषयी लिहिणे हे थोडे धाडसच आहे. जबलपूरहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. परंतु नर्मदा जवळ आहे, आणि हिवाळ्यात पहाटे ग्वारीघाटावर फिरावयास जाण्याचा माझा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. पाण्यावर धुके असते, दगडी पायऱ्यांचा गारवा चपलेतूनही जाणवतो, मफलर कानांवर घट्ट गुंडाळावा लागतो. तरी पाय आनंदाने तिकडेच वळतात. सवड मिळाली की भेडाघाटलाही जाणे होते. भाषांतर करताना अडलेला एक शब्द मला ह्या फिरण्यातच उलगडला.

पौल बंदिवान म्हणून ज्या तारवात होता, त्यातील खलाशांना वादळाच्या चौदाव्या रात्री जमीन जवळ आल्यासारखे वाटले. त्यांनी पाण्याची खोली मोजली. ती प्रथम वीस वाव भरली, मग पंधरा. खडकांवर आपटण्याच्या भीतीने त्यांनी चार नांगर टाकले आणि उजाडण्याची वाट पाहिली. सकाळी त्यांना एक खाडी दिसली. तिला ‘आयगियालॉस’ होता, असे लूक लिहितो (२७:३९). येथे ‘किनारा’ हा शब्द घातला तर वाक्य शुद्ध होते, पण पोकळ राहते. किनारा कोणत्या खाडीला नसतो? काठ तर साडीलाही असतो!

भेडाघाटला नाव संगमरवरी कड्यांमधून जाऊ लागली की लूकचे म्हणणे डोळ्यांना दिसते. दोन्ही बाजूंचे कडे सरळ पाण्यातून वर चढलेले आहेत. काठ अगदी जवळ, पण नावेतून पाऊल टाकावे अशी जागा नाही. तारवातील २७६ जणांना नुसता काठ नको होता. पाय टेकता येतील अशी उतरती जमीन हवी होती.

कोकणात अशा जागेला नेमका शब्द आहे : पुळण. (काटेकोरपणे पाहता ग्रीक शब्दात वाळू नाही, बारीक गोटेही चालतील.) नव्या करारात हा ग्रीक शब्द सहाच वेळा येतो. तेथे लोकसमुदाय उभा राहून ऐकतो, कोळी जाळे ओढून मासे निवडत बसतात, आणि सोर येथील शिष्य पौलाला निरोप देताना बायकामुलांसह गुडघे टेकतात. मत्तय १३:२ मध्ये ‘किनारा’ पुरेसा आहे. तेथे कोणाचा जीव त्या शब्दावर अवलंबून नाही. प्रेषितांच्या कृत्यांत मात्र तो पुरत नाही. ‘पुळण’ वेंगुर्ल्यात सर्वांना कळेल. चंद्रपूर किंवा नांदेडच्या मंडळीत उपासनेत तो वाचला तर किती जणांना कळेल? म्हणून माझ्या मते मजकुरात ‘वाळूचा किनारा’ असावा आणि ‘पुळण’ तळटीपेत. कोकणातील बांधवांनी क्षमा करावी. शब्द त्यांचाच अधिक चांगला आहे.

तारू त्या पुळणीपर्यंत पोहोचलेच नाही. ते मध्येच रुतले, आणि माणसे पोहत किंवा फळ्यांवर तरंगत जमिनीला लागली. पाऊस होता, थंडी होती. मिलिता बेटावरील लोकांनी, जे ह्यांची भाषाही बोलत नव्हते, शेकोटी पेटवून सर्वांना जवळ घेतले.

योहानाने हाच शब्द तिबिर्य समुद्राच्या काठच्या त्या पहाटेसाठी वापरला आहे (२१:४). येशू पुळणीवर उभा आहे आणि कोळशांचा विस्तव पेटलेला आहे. कोळशांच्या विस्तवासाठी योहान जो शब्द योजतो तो नव्या करारात आणखी एकदाच येतो : प्रमुख याजकाच्या अंगणात, थंडी होती म्हणून पेत्र शेकत उभा होता तेथे (१८:१८). तारू जमिनीपासून सुमारे २०० हातांवर असताना पेत्राने पाण्यात उडी टाकली. ओल्या अंगाने तो विस्तवाजवळ आला, तेव्हा त्याला अंगणातील तो पहिला विस्तव आठवला की नाही, हे योहान सांगत नाही.