तहकूब झालेली तारीख

२०२० च्या फेब्रुवारीत माझ्या रक्तातील कॅल्शियम वाढून दर डेसिलिटरला ११.४ मिलिग्रॅम भरले आणि गळ्यात अवटू ग्रंथीच्या मागे असणाऱ्या चार इवल्या परावटू ग्रंथींपैकी एकीत गाठ झाली असून ती काढणे हाच कायमचा इलाज, असे निदान होऊन पुण्याच्या एका इस्पितळात एप्रिलची तारीखही मुक्रर झाली. परंतु २५ मार्चपासून टाळेबंदी आली, तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया तहकूब झाल्या आणि 'पुढची तारीख कळवू' एवढ्या निरोपावर मी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी स्वस्थ बसलो.

शस्त्रक्रिया तहकूब झाली तरी व्याधी तहकूब होत नाही, हे माझ्या ध्यानी आले नाही. थकवा, अंगदुखी, विसराळूपणा, औदासीन्य ही या विकाराची लक्षणे, आणि त्या दिवसांत ज्याला विचारावे त्याची हीच तक्रार. म्हणून मी ती सारी टाळेबंदीच्या खाती जमा केली. "घरात कोंडून पडल्यावर असं व्हायचंच तुम्हांला," असे पत्नी म्हणे, आणि मला ते पटे. रात्री उठून तांबेच्या तांबे पाणी पिण्याचा दोष उन्हाळ्याला दिला. हाडे ठणकतात म्हणून शेजाऱ्यांच्या सल्ल्याने, डॉक्टरांना न विचारता, कॅल्शियमच्या आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्याही सुरू केल्या! ऑगस्टात मूतखड्याच्या कळांनी भुईवर लोळलो, तेव्हा तालुक्याच्या प्रयोगशाळेत कॅल्शियमचा आकडा निघाला १३.२, आणि ती प्रयोगशाळा दोन कोसांवर, टाळेबंदीतही उघडी होती.

तेव्हा ज्यांची शस्त्रक्रिया पूर, महामारी वा संपामुळे पुढे ढकलली जाईल, त्यांनी तो निरोप घेतानाच विचारून ठेवावे, की रक्त किती आठवड्यांनी तपासायचे आणि कोणत्या आकड्याला तारखेची वाट न पाहता निघायचे. माझ्यासारख्या रुग्णाने पाणी भरपूर प्यावे, अंथरुणाला खिळून राहू नये, आणि रक्तदाबाची गोळी कोणती हे डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण लघवी वाढवणारी काही औषधे कॅल्शियमही वाढवतात. दूरध्वनीवरून सल्ला देण्याचे नियम केंद्र सरकारने टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी जाहीर केले होते. मी मात्र पाच महिन्यांत एकदाही फोन केला नाही.

ऑक्टोबरात गाठ निघाली. उरलेल्या तीन ग्रंथी जाग्या होईपर्यंत कॅल्शियम एकाएकी उतरू शकते, हे घरी सोडताना मला बजावले होते. तिसऱ्या रात्री ओठांभोवती मुंग्या आल्या, तेव्हा उजाडण्याची वाट न पाहता मी फोन लावला.