"सिस्टर, माझ्याकडून चूक झाली"

पुरुष मेडिसिन वॉर्डात मी ११ वर्षं इन्चार्ज सिस्टर होते. ड्युटी लावणं, इंडेंट भरणं, राऊंडला उभं राहणं ही कामं पहिल्या वर्षात जमली. स्वतःचा राग सांभाळणं मात्र फार उशिरा जमलं. त्याची किंमत माझ्या हाताखालच्या नर्स मुलींनी आणि रुग्णांनी मोजली, म्हणून हे लिहिते आहे.

१. नव्यानं रुजू झालेल्या एका मुलीनं इन्सुलिन चुकीच्या सिरिंजमध्ये भरलं. आपल्याकडची इन्सुलिनची कुपी बहुतेक वेळा मिलिलिटरला ४० युनिटची असते. तिला लाल टोपणाची सिरिंज लागते. केशरी टोपणाची सिरिंज १०० युनिटवाल्या इन्सुलिनसाठी असते. त्या सिरिंजवर २०च्या खुणेपर्यंत ४०च्या कुपीतलं औषध घेतलं, तर रुग्णाला मिळतात फक्त ८ युनिट. तिनं नेमकं हेच केलं, आणि चूक लक्षात आल्यावर स्वतःच येऊन मला सांगितलं. मी रुग्णांसमोर, नातेवाइकांसमोर, मावशींसमोर तिला नको नको ते बोलले. ती मान खाली घालून उभी होती.

दोन महिन्यांनी सकाळी ट्रेमध्ये पुन्हा केशरी टोपण सापडलं. रात्रपाळीच्या दोघी गप्प. डोस कुणाला कमी गेला हे कळेना, म्हणून इन्सुलिनवरच्या सगळ्या रुग्णांची साखर पुन्हा तपासावी लागली. आधीच्या वेळी चूक सांगणारी मुलगी होती, या वेळी कुणीच नव्हतं. मुलींची तोंडं मीच बंद केली होती.

२. राग आधी शरीरात येतो. माझी कानशिलं तापतात, मग आवाज चढतो. या दोहोंच्या मधे मला थोडा वेळ हवा होता आणि तो बेसिनपाशी मिळाला. साबणानं नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यातल्या पायऱ्या आम्ही विद्यार्थिनींकडून घोटून घेतो. कानशिलं तापली की मी बेसिनकडे जाऊ लागले. तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, सगळं करायचं. परत येईपर्यंत "कुणी केलं?" हा प्रश्न मागे पडायचा आणि "पेशंटला आता काय द्यायचं?" हा पुढे यायचा.

३. दुःखही दाबू नये. वॉर्डात तरुण रुग्ण गेला, की पूर्वी मी सगळ्यांना लगेच कामाला लावायची. नंतर ड्युटी रूममध्ये दहा मिनिटं बसायचं ठरवलं. कधी कधी मीही रडले. त्यानं कुणाच्या मनातला माझा मान कमी झाला नाही.

४. पाळी बदलताना ओव्हर देताना आधी माझी चूक सांगायची. "काल अमुक बेडचं अँटिबायोटिक मी तासभर उशिरा दिलं." पहिले काही दिवस कुणी बोललं नाही. मग एकीनं सांगितलं, मग दुसरीनं. त्या चुका मी एका वहीत लिहायचे; वर्षभरात ती वही भरली. वरिष्ठांनी विचारलं, "वॉर्ड बिघडला का?" एमी एडमंडसन यांचा १९९६मधला अभ्यास मला पुढे एका प्रशिक्षणात कळला. ज्या नर्सिंग गटांचं नेतृत्व चांगलं, तिथं चुकांची नोंद जास्त आढळली होती, कारण तिथं बोलायची भीती नव्हती. तेव्हा मात्र मी एवढंच म्हणू शकले, "मॅडम, आता निदान मला कळतंय तरी."

५. त्या पहिल्या मुलीची माफी मागायला मला आठ महिने लागले. एकांतात मागणं सोपं होतं, पण मी बोलले होते चारचौघांत. म्हणून ओव्हरच्या वेळी, मावशींसह सगळ्यांसमोर माफी मागितली. ती म्हणाली, "सिस्टर, दोन्ही सिरिंज एकाच ट्रेमध्ये होत्या."

रागाच्या भरात मी तिला हे विचारलंच नव्हतं. ट्रे लावून घेणं माझं काम होतं. त्याच दुपारी केशरी टोपणाच्या सिरिंज वेगळ्या कपाटात गेल्या आणि कपाटावर ठळक अक्षरांत चिठ्ठी लागली.

नव्यानं इन्चार्ज झालेल्या माझ्या मैत्रिणींनो, आज ड्युटीवर गेलात की आपल्या वॉर्डातला इन्सुलिनचा ट्रे उघडून बघा. दोन्ही रंगांची टोपणं एकत्र दिसली, तर घरी जायच्या आधी ती वेगळी करा.