गटवाचन आणि बसकरपट्टीची जागा

जून महिन्यात आमच्या लातूरकडील निवासी शाळेत तिसरीचा वर्ग भरतो, तेव्हा मुलांचे वय सारखे, पण वाचन चार तऱ्हांचे असते. कोणी आईवडिलांबरोबर ऊसतोडीच्या फडावर सहा महिने काढून आलेला, कोणी नुसती अक्षरे ओळखणारा, तर कोणी सबंध गोष्ट वाचणारा. अशा वर्गात एकच धडा एका सुरात वाचून घेतला की, ज्याला येत नाही तो इतरांच्या आवाजाआड लपतो. आम्ही कित्येक वर्षे त्या गजरालाच वाचन समजत होतो.

'प्रथम' संस्थेच्या 'असर' चाचणीत अक्षर, शब्द, परिच्छेद व गोष्ट असे टप्पे आहेत. ती एकेका मुलाची तोंडी घेतात. त्यावरून पाच-सहा मुलांचा गट करावा आणि मूल नेमके कोठे अडते ते ऐकावे. जोडाक्षराशी थबकणारा आणि काना-मात्रा गाळणारा, यांचे औषध एक नव्हे. मुंबई व वडोदरा येथील 'बालसखी' उपक्रमाचा २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आदी अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला. मागे पडलेली मुले रोज सुमारे दोन तास बालसखीकडे जात. प्रगती झाली ती मुख्यतः त्यांचीच. मूळ वर्गातील गर्दी कमी झाली म्हणून उरलेल्यांना विशेष लाभ झाला नाही.

परंतु आमची चिंता निराळी आहे. सातारच्या शाळेत बाल भीमरावांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. ७ नोव्हेंबर १९०० हा त्यांचा शाळाप्रवेश दिन आपण विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतो, आणि आपल्याच वर्गात कोपऱ्यातील बसकरपट्टी 'कच्च्यां'ची ठरावी! एका वर्षी जूनमध्ये पाडलेले गट आम्ही मार्चपर्यंत तसेच ठेवले. अक्षरगटातील एक मुलगी रविवारी भेटीस आलेल्या आजीला विहाराचा फलक घडाघडा वाचून दाखवत होती, तेव्हा आम्ही चपापलो. ती केव्हाच पुढे गेली होती. तिची पट्टी तेवढी जागची हलली नव्हती.

तेव्हापासून दर पंधरवड्याला आम्ही पुन्हा ऐकतो व गट मोडतो. गटाला पातळीचे नाव नाही. गटाचा एकच तास. परिपाठ, कविता, गोष्ट सर्वांची मिळून.

सुटीत गावी येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी एखाद्या गटाजवळ अर्धा तास बसावे, एवढी विनंती. म्हणजे शिक्षकास दुसऱ्या गटाकडे वळता येते. मात्र मूल अडले की शब्द चटकन सांगू नये; थोडे थांबावे, ते पुष्कळदा स्वतःच वाचते.